बाराचा तीळ

शर्टाचं वरून तिसरं बटण तुटलं. एवढंच झालं. दुपारी अडीच वाजता प्रदर्शनवाली बाई येणार म्हणून मी कपाटातला त्यातल्या त्यात बरा शर्ट काढला, घाईघाईनं घालायला गेलो आणि बटण उडून पलंगाखाली गेलं. वास्तविक घाई कसलीच नव्हती. सकाळचे अकराही वाजले नव्हते आणि घरात मी एकटा. पण बायको गेल्यापासून, म्हणजे गेले चोवीस दिवस, मला प्रत्येक गोष्टीची घाई होते आणि एकही गोष्ट पुरी होत नाही. “अगं, बटण तुटलं,” असं मी चांगलं मोठ्यानं म्हणालोसुद्धा. मग माझा मीच ओशाळलो. पलंगाखाली वाकणं आता माझ्या कमरेला झेपत नाही, म्हणून बाहेरच्या खोलीत गेलो. तिच्या शिवणाच्या मशीनच्या खणात बटणांचा डबा असतो, हे मला माहीत होतं. कुठल्या खणात, ते माहीत नव्हतं. मी तिच्या स्टुलावर बसलो आणि एकेक खण उघडायला लागलो. चाळीस वर्षांच्या संसारात त्या स्टुलावर मी कधी बसलो नव्हतो. बसू नये असं काही नव्हतं, पण माझी खुर्ची समोरच्या भिंतीशी, खिडकीजवळ. तिचं स्टूल इकडे, मशीनशी. आपापल्या जागा ठरलेल्या होत्या. रिळं निघाली, खडू निघाले, मोडक्या कात्रीचं एक पातं निघालं, बटणांचा डबा काही निघेना. मान अवघडली म्हणून मी वर बघितलं. वर माझं घड्याळ होतं. आणि घड्याळाच्या एका गोळीच्या खालून, मागच्या लाकडावरून, पेन्सिलीनं लिहिलेला एक बारीकसा सात माझ्याकडे बघत होता.

मी सात म्हणतोय, पण पहिल्या क्षणी मला ते झुरळच वाटलं. मग शेजारच्या गोळीखाली आठ दिसला. पलीकडे नऊ, तिच्या हातचा नऊ, शेपूट उगाच लांब ओढलेला. वाण्याच्या यादीत, मुलीच्या फ्रॉकच्या मापात, गॅसच्या नंबरात हाच नऊ मी जन्मभर बघत आलो होतो.

हे घड्याळ काय आहे ते सांगितल्याशिवाय काही कळायचं नाही, आणि सांगायला लागलो की मी थांबत नाही असं आमची चिमी, म्हणजे मुलगी, म्हणते. थोडक्यात सांगतो. मी घड्याळांच्या कारखान्यात नकाशा-खोलीत होतो, म्हणजे जिथे घड्याळांचे आराखडे काढतात तिथे. यंत्र बनवणारे वेगळे. आम्ही चेहरे बनवणारे. त्या काळात लोकांची घरं बदलत होती. जड कोरीव कपाटं जाऊन बारीक पायांच्या खुर्च्या आल्या होत्या, पडदे एकरंगी झाले होते, आणि भिंतीवर मात्र अजून तीच पेटीतली लंबकाची धुडं टणटण करत बसलेली. मला त्यांचा भयंकर राग यायचा. तबकडीभर ठसठशीत आकडे, आकड्यांना वेलबुट्टी, वर सोनेरी काच. अरे, वेळ दाखवताय की लग्नाचा जाहीरनामा? वयाच्या एकतिसाव्या वर्षी मी एक घड्याळ काढलं. तबकडी नाही, चौकट नाही, काच नाही, आकडे नाहीत. मधे वाटीएवढा पितळी गोल, त्यातून निघालेल्या बारा पितळी काड्या, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला लिंबाएवढी लाकडी गोळी. बाराच्या बारा गोळ्या एकसारख्या. भिंतीपासून दोन बोटं पुढे, अधांतरी. मागची बाजूही मी तितकीच नितळ केली होती. टांगायला एकच एक भोक न ठेवता वाटीच्या पाठीला सबंध गोल कड ठेवली. कुठलीही गोळी वर धरा, खिळ्यावर बसतंच. दुकानात वीस मिनिटं पाठीमागून ते घड्याळ बघत उभा राहिलेला मीच पहिला आणि शेवटचा माणूस असेन.

आमचे मॉडेल बनवणारे मिस्त्री होते, लेथवर गोळ्या त्यांनीच कातल्या. त्यांनी पहिला नमुना हातात धरून गरागरा फिरवला आणि म्हणाले, “साहेब, बारा कुठला यातला?”

“वर असेल तो.”

“आणि वर भलताच आला तर? बाराला काहीतरी खूण द्या. मोठी नको, तीळ द्या एवढासा. नाहीतर लोकांचे बारा वाजले तरी त्यांना कळायचं नाही.”

सगळी खोली हसली. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, “मिस्त्री, तुम्ही लेथ सांभाळा.” त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. वयानं ते माझ्या वडिलांएवढे होते. मी तसं बोलायला नको होतं, पण मी तेव्हा तसाच होतो, आणि तो एक तीळ मला माझ्या घड्याळाच्या गालावर डाग वाटत होता. तीळ म्हणजे चूक होऊ शकते याची कबुली, असं काहीतरी मी बडबडलोही असेन.

मोठ्या साहेबांना आकडे नाहीत म्हटल्यावर धडकीच भरली. लोकांना वाचता येईल का, याच एका प्रश्नावर त्यांची गाडी अडली. मी म्हणालो, माझ्या घरी चला. माझी बायको चौथी शिकलेली आहे, तिलाच विचारा. नमुना मी आधीच घरी आणून लावला होता. त्याच्यासाठी भिंतीला फिकट सागवानी प्लायचा उभा पट्टा मारला होता, खालपासून वरपर्यंत, पॉलिश करून. आठवडाभर रोज संध्याकाळी मी तिला शिकवत होतो. “वरची गोळी बारा. हे डोक्यात पक्कं ठेव. तिथून उजवीकडे मोजत यायचं.” ती ओठ हलवत मोजायची. चुकली की जीभ चावायची. मी चिडायचो, मग ती म्हणायची, “अहो, येईल हो मला. तुम्ही ओरडलात की मी मोजलेलं विसरते.” साहेब आले, माझ्या खुर्चीत बसले, आणि ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तशी त्यांनी एकदम विचारलं, “वहिनी, किती वाजले?” तिनं ट्रे ठेवला. वर बघितलं. ओठ हलू दिले नाहीत, ते मी बघितलं. “सहा वाजून वीस मिनिटं,” ती म्हणाली. साहेबांनी मनगट बघितलं आणि मांडीवर थाप मारली. दुसऱ्या महिन्यात घड्याळ बाजारात गेलं. जाहिरातीत तिचाच फोटो होता, इथेच, या पट्ट्यासमोर उभी. फोटोवाल्यानं काटे दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवले आणि तिला म्हणाला, बाई, हसा. ती हसली. लोकांनी घड्याळं परत पाठवली, आकडे चिकटवायचे राहिलेत म्हणून पत्रं लिहिली. तीन वर्षांत ते बनवणंही बंद झालं. पण ती गोष्ट माझ्याजवळ राहिली. समारंभात, पाहुण्यांत, निवृत्तीच्या दिवशी मी तीच सांगत आलो. चौथी शिकलेल्या माझ्या बायकोला कळतं, तुम्हाला कळत नाही म्हणजे कमाल आहे!

आता स्टुलावर बसून मी वर बघत होतो आणि गोळ्यांखालून एकेक आकडा उगवत होता. समोरच्या माझ्या खुर्चीतून गोळ्याच दिसतात, आकडे बरोबर त्यांच्या आड जातात. इथून, खालून, तिच्या जागेवरून मात्र सगळे दिसत होते. पहिल्यांदा माझ्या डोक्यात जे आलं ते सांगायची लाज वाटते. मी मनात म्हणालो, फसवलं बाईनं. साहेबांना, मला, सगळ्यांना. आकडे लिहून ठेवले आणि वाचले! पण ते काही जमेना. पट्ट्याला मी पुन्हा पॉलिश केलं साहेब यायच्या आदल्या दिवशी. तेव्हा मी ती फळी बोटानं तपासली होती, एकही रेघ नव्हती. आणि ती ओठ न हलवता मोजत होती, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणजे तेव्हा तिला येत होतं. मग येत असताना नंतर कधीतरी तिनं आकडे का लिहिले? हा प्रश्न मी स्वतःला विचारला खरा, पण उत्तर मला ठाऊक होतं. चौतीस वर्षं ठाऊक होतं. मी फक्त तिकडे बघत नव्हतो.

तिची धाकटी बहीण बोटीनं परदेशी निघाली होती, तो दिवस. नवरा आधीच गेलेला, ही आता मागून चाललेली, आणि तेव्हा गेलेलं माणूस परत कधी दिसेल याचा भरवसा नसायचा. बहिणीला तिकडची थंडी सोसायची नाही म्हणून आमच्या हिनं महिनाभर खपून एक लोकरी कोट शिवला होता, मरून रंगाचा, मोठ्ठ्या बटणांचा. बोट दुपारी चारला सुटणार. घरापासून बंदर तासाभराच्या अंतरावर. दोनला निघायचं ठरलं होतं, म्हणजे बहिणीशी चांगलं तासभर बोलता येईल. रविवार होता, कारखान्याला सुट्टी, पण संध्याकाळी मला दुसऱ्या गावी एका प्रदर्शनाला घड्याळं घेऊन जायचं होतं, म्हणून मी सकाळीच कारखान्यात बांधाबांध करायला गेलो. जाण्यापूर्वी घरच्या घड्याळाचा सेल बदलला. मांडीवर घेऊन, मनगटावरच्या घड्याळाशी काटे जुळवले, धूळ पुसली, आणि उभा राहून खिळ्यावर टांगलं. टांगताना हातात ते एक घर फिरलं. बाराची गोळी अकराच्या जागी गेली आणि एकची वर आली. मला कळलंही नाही. कसं कळणार? सगळ्या गोळ्या एकसारख्या, आणि पाठ अशी बेमालूम की कशीही टांगा, बसतंच.

दोन्ही काटे एकेक घर मागे गेले, म्हणजे दिवसभर ते घड्याळ एक तास पाच मिनिटं मागे दाखवत होतं. सुट्टी असल्यामुळे कारखान्याचा भोंगा वाजला नाही, नाहीतर बाराच्या भोंग्यालाच तिला कळलं असतं. घरात दुसरं घड्याळ नव्हतं. तिच्या वडिलांनी दिलेलं गजराचं एक होतं, ठळक आकड्यांचं, पण त्याची टिकटिक आणि त्याचं ते बटबटीत रूप मला सहन होईना, म्हणून “आकडे कसे नसावेत” ते पोरांना दाखवायला मी ते नकाशा-खोलीत नेलं होतं. तिथे कुणीतरी ते उघडलं आणि ते पुन्हा कुणी जोडलंच नाही. “माझं घड्याळ कधी आणाल हो?” असं तिनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. तर त्या दिवशी ती कोटाची शेवटची बटणं लावत इथे, या स्टुलावर बसली होती, आणि मधून मधून वर बघून, वरची गोळी बारा धरून, मी शिकवलं तसं मोजत होती. तिच्या हिशेबानं बक्कळ वेळ होता. म्हणून तिनं बटणं दुहेरी दोऱ्यानं लावली. म्हणून कोटाला इस्त्रीही केली. घड्याळात दोन वाजले तशी ती चिमीचा हात धरून निघाली, आणि तेव्हा खरे तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. चिमी पाच वर्षांची होती. तिला एवढंच आठवतं की आई धक्क्यावर पळत होती, तिची स्वतःची एक चप्पल मागे पडली, ती आई, चप्पल, आई, चप्पल, असं ओरडत होती आणि आईनं वळूनसुद्धा बघितलं नाही. बोट धक्क्यापासून सुटली होती. वर कठड्याशी माणसंच माणसं. त्यातली मावशी कुठली ते कळलं नाही.

मी संध्याकाळी बॅग घ्यायला घरी आलो तेव्हा ती याच स्टुलावर बसली होती, मांडीवर कोट. खाली टॅक्सी उभी होती. मला सगळं उभ्या उभ्या कळलं आणि मी भडकलो. मला तिची दया आली होती, खरं सांगतो, पण माझी दया रागाच्याच वाटेनं बाहेर यायची. “दोनला निघायचं, एवढी साधी गोष्ट! घरात घड्याळ आहे ना? तेही माझं!” असं म्हणून मी वर बोट केलं. बोट केलं, पण वर बघितलं नाही. ती म्हणाली, “माझंच आवरत नव्हतं हो.” मी म्हणालो, “धन्य आहे. उशिराबाई!” आणि बॅग उचलून जिना उतरलो. वाटेत टॅक्सीत मला ते नाव जरा बरं सुचलं असंही वाटलं.

आठ दिवसांनी परत आलो. प्रदर्शनात माझ्या घड्याळाला प्रशस्तिपत्र मिळालं होतं, ते बॅगेत होतं. दारातून आत आलो, मनगटावर चार वाजले होते, आणि भिंतीवर तीनला पाच कमी. घड्याळवाल्याला असं काही समजायला वेळ लागत नाही. मी दारातच उभा राहिलो. बहिणीला ती भेटली नाही ते माझ्यामुळे, माझ्या हातानं, माझ्या त्या नितळ पाठीमुळे. आत ती चहा टाकत होती, भांड्यांचा आवाज येत होता. हाक मारायची आणि सांगायचं, एवढंच करायचं होतं. मी दोन पावलं पुढे गेलो, हात वर केला आणि एका बोटानं एक गोळी डावीकडून वर ढकलली. घड्याळ खिळ्यावर मऊपणे एक घर फिरलं आणि बरोबर झालं. खाली काढायचीसुद्धा गरज पडली नाही. तेवढ्यात ती चहा घेऊन आली. तिनं वर घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कप तोंडाला लावला. “झालं का बरोबर?” तिनं विचारलं. मला वाटलं, चहाचं विचारते. मी म्हणालो, “हो, बरोबर आहे.”

त्यानंतर मी त्या घड्याळाला हात लावला नाही. सेल तीच बदलायची, धूळ तीच पुसायची. दोन वर्षांनी तिकडून पत्र आलं की धाकटी न्यूमोनियानं गेली. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी उठलोही होतो खुर्चीतून, पण शेजारच्या बायका आल्या, मग चिमी शाळेतून आली, मग जेवणाची वेळ झाली. सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं, आणि जे एकदा राहतं त्याच्यावर माणूस रोज थोडं थोडं काहीतरी ठेवत जातो. ‘उशिराबाई’ मात्र राहिलं नाही, ते घरभर झालं. मी म्हणायचो, चिमी म्हणायला लागली, पुढे जावईही. कुठे निघायचं असलं की, “उशिराबाई, आवरलं का?” ती आधी अर्धा तास तयार होऊन दारात बसलेली असली तरी आम्ही तेच म्हणायचो. ती हसायची. दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी मी तिचा हात धरून बसलो होतो, तर म्हणते, “बघा हो, उशिराबाई या वेळी आधी निघाली.” आणि हसली. जाहिरातीत हसली होती तशीच. मी म्हणालो, “गप्प बस.” तिच्याशी माझे शेवटचे शब्द हेच.

हे सगळं आठवत मी किती वेळ स्टुलावर होतो कोण जाणे. मग उठलो, स्टुलावर चढलो. वेडेपणाच होता, या वयात. दोन्ही हातांनी घड्याळ खिळ्यावरून उचललं आणि मशीनवर ठेवलं. फळी उघडी पडली. फिकट लाकडावर आकड्यांचं गोल रिंगण, बारा ते अकरा, सरळ, ठळक. पण मी नकाशा-खोलीत आयुष्य काढलेला माणूस आहे. खोडरबर फिरलेला कागद मला लगेच कळतो. खिडकीचा उजेड तिरपा येत होता, आणि प्रत्येक आकड्याच्या शेजारी आणखी एक आकडा होता, पुसलेला. शिसं गेलं होतं पण पेन्सिलीचं टोक लाकडात रुतलेलं होतं. सर्वांत वर, बाराच्या शेजारी, पुसलेला एक. डावीकडे, अकराच्या शेजारी, पुसलेला बारा. सगळं रिंगण एक घर फिरलेलं. मी बोटानं एकेक चाचपत गेलो.

बोट चुकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सोमवार होता. सकाळी आठचा भोंगा झाला असेल आणि भिंतीवर सातला पाच कमी असतील. तिला कळलं. घड्याळाला हात लावायचा नाही असा तेव्हा माझा हुकूम होता, म्हणून तिनं घड्याळ सरळ केलं नाही. भोंग्यावरून मोजून खरे आकडे मागे लिहिले. वरची गोळी बारा, हे मी पढवलेलं, त्याच्यावर तिचा विश्वास राहिला नसावा. आणि आठ दिवसांनी मी आल्यावर, मी चहा पीत असताना, तिनं वर बघितलं आणि तिला दिसलं की घड्याळ फिरलंय. घरात दुसरं कोण होतं फिरवणारं? “झालं का बरोबर?” नंतर केव्हातरी, मी घरात नसताना, या स्टुलावर चढून तिनं जुने आकडे पुसले आणि नवे लिहिले. म्हणजे तिला माझी चूक माहीत होती. मला ती माहीत आहे हेही माहीत होतं. मी लपवलं हेही. आणि हे सगळं माहीत असताना चौतीस वर्षं, मी हाक मारली की, “आले हो, आवरलं,” म्हणत ती दारात येत होती. मी त्या फळीला कपाळ टेकलं आणि रडलो. ती गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो.

दोनला चिमी आली. मी घड्याळ पुन्हा टांगून ठेवलं होतं, सरळ. तिनं माझा शर्ट बघितला, दुसऱ्या खोलीतून बटणांचा डबा आणला, आणि मी अंगात शर्ट घातलेला असतानाच बटण लावून दिलं. दात लावून दोरा तोडताना ती अगदी आईसारखी दिसली. “बाबा, डोळे लाल झालेत तुमचे.”

“धूळ गेली.”

“बरं,” ती म्हणाली. तिला पटलं नाही.

अडीचला प्रदर्शनवाली बाई आली. तरुण होती, नम्र होती, माझ्या घड्याळाखाली उभी राहून तिनं खरोखर हात जोडल्यासारखे केले. त्या काळच्या घरगुती घड्याळांचं मोठं प्रदर्शन भरवतायत, त्यात हे अगदी दारासमोर लावायचं म्हणाली. खाली एक पाटी असेल. “त्यावर तुमच्या पत्नीची ती गोष्ट हवी आहे आम्हाला. साहेबांनी वेळ विचारली ती.” मी काही बोलायच्या आत चिमीनंच सांगायला सुरुवात केली. किती छान सांगत होती! ट्रे, सहा वाजून वीस मिनिटं, साहेबांची मांडीवर थाप, सगळं माझ्याच शब्दांत. आणि शेवटी डोळे पुसत, हसत म्हणाली, “आणि गंमत माहितीये का, आई स्वतः कायम उशिरा. घरात तिला सगळे उशिराबाईच म्हणायचो!”

“अय्या, हे मस्त आहे,” बाई म्हणाली आणि वहीत लिहायला लागली. “हेही घालते पाटीवर. वेळ वाचता येणारी, पण वेळ न पाळणारी...”

“ते खोडा,” मी म्हणालो.

माझा आवाज फार मोठा निघाला असावा. बाईची पेन्सिल थांबली. चिमी म्हणाली, “बाबा, अहो, गमतीनं...”

“गमतीनं नाही. खोडा ते. ती कधीच उशिरा नव्हती. मावशीची बोट चुकली ती माझ्यामुळे. घड्याळ मी वाकडं टांगलं होतं.”

मग मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही. आधी भोंगा सांगितला, मग कोट, मग मिस्त्री, मग परत कोट. घड्याळ उतरवून फळी दाखवली. चिमी पुढे आली, मी केलं तसंच तिनंही पुसलेल्या आकड्यांवरून बोट फिरवलं. प्रदर्शनवाली बाई बिचारी अवघडून गेली. वही मिटून म्हणाली, “काका, मी नंतर फोन करते. घाई काहीच नाही.” तिनं दार अगदी हलकेच ओढून घेतलं.

चिमी फळीकडे तोंड करून उभी होती. मला वाटलं, आता ही मला बोलेल. बोलायलाच हवं होतं. मी तयार होतो. पण तिनं पाठ न वळवताच म्हटलं, “लग्नातसुद्धा म्हटलं मी तिला. माझ्या लग्नात, सगळ्यांसमोर. उशिराबाई, चला. आणि ती हसली हो, बाबा.”

“हो.”

“तुम्हाला सांगायला काय झालं होतं?”

भीती वाटली म्हणावं तर कुणाची? ती तर कुणालाच कधी काही बोलली नसती. मी म्हणालो, “माझं घड्याळ चुकलं, हे मला तोंडानं म्हणवेना.” एवढंच खरं होतं, आणि ते इतकं लहान होतं की माझी मलाच किळस आली.

मनगटावर तीन वाजून दोन मिनिटं झाली होती. मी घड्याळ उचललं आणि खिळ्यावर टांगलं. “इथे बस,” मी चिमीला म्हणालो. “आईच्या स्टुलावर. तीन मिनिटं थांब.” तिनं विचारलं नाही कशाला. बसली. पाय स्टुलाच्या दांडीवर ठेवले, तिची आई ठेवायची तसे. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तीन वाजून पाच झाले तसा मी पुढे झालो, एका बोटानं वरची गोळी डावीकडे ढकलली, आणि घड्याळ खिळ्यावर मऊपणे एक घर फिरलं.

“किती वाजले?” मी विचारलं.

तिनं वर बघितलं. वरची गोळी बारा. तिथून उजवीकडे. लहानपणी मीच तिलाही शिकवलं होतं. तिचे ओठ हलले.

“दोन,” ती म्हणाली.

“नीट बघ.”

“दोनच वाजलेत, बाबा. बरोबर दोन.” आणि मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. “म्हणजे आई वेळेवरच निघाली होती.”

“हो,” मी म्हणालो. “वेळेवरच निघाली होती.”